डोळ्यांत पाणी, तरी डोळे कोरडे!

एसी ऑफिस, समोर लॅपटॉप, हातात मोबाइल आणि बाहेर खान्देशातला मे महिना... या कॉम्बिनेशनमध्ये डोळ्यांची काय वाट लागते, ते मी स्वतः भोगलंय. आणि त्यातून बाहेर पडायचा फंडा मला चक्क केळीच्या बागेने शिकवला!

"काय गं, रडतेयस का?"

आईने दुपारभरात तिसऱ्यांदा विचारलं. मी रडत नव्हते. जळगावच्या आमच्या घरात, हॉलमधल्या कूलरच्या अगदी तोंडासमोर बसून मी एक लेख टाइप करत होते. डेडलाइन संध्याकाळी सहाची. आणि दोन्ही डोळ्यांतून नुसतं घळाघळा पाणी. ब्रेकअप नाही, भांडण नाही, सिरियलही चालू नाही. तरीही पाणी!

थोडं स्वतःबद्दल सांगते. मास कॉमची डिग्री, मग पुण्यात तीन वर्षं नोकरी आणि आता फ्रीलान्सिंग. फ्रीलान्सिंगचा एकमेव खराखुरा फायदा म्हणजे लॅपटॉप उचलून कुठूनही काम करता येतं. म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात आमरस खायला घरी आले आणि तिथेच मुक्काम ठोकला. सकाळी नऊ ते रात्री आठ लॅपटॉप, नंतर 'रिलॅक्स' व्हायला मोबाइल. तुमचंही टाइमटेबल याहून फार वेगळं नसणार, काय?

डोळ्यांची कुरकूर खरं तर मार्चपासूनच चालू होती. कुणीतरी चिमूटभर वाळू टाकल्यासारखं खुपायचं. संध्याकाळ झाली की स्क्रीनवरची अक्षरं धूसर व्हायची. दोनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट, आणि वाक्य संपेपर्यंत पुन्हा धूसर. मी म्हटलं, नंबर वाढला असेल. चष्मा बदलू सवडीने. सवड कुणाला आहे इथे!

मेडिकलवाल्याचा जादूचा ड्रॉप

लग्नसराई सुरू झाली, फोटोंत डोळे लालभडक यायला लागले, तेव्हा मात्र टेन्शन आलं. मग मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले आणि म्हटलं, "डोळे लाल होतात, काहीतरी द्या." त्याने एक छोटी बाटली दिली. दोन थेंब टाकले आणि दुसऱ्या दिवशी डोळे एकदम पांढरेशुभ्र! सॉलिड! मी त्या बाटलीच्या प्रेमातच पडले. संपली की दुसरी आणली. असं करत करत सात आठवडे गेले.

लाली गेली होती, पण खुपणं आणि पाणी येणं चालूच होतं. आईने गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, शेजारच्या काकूंनी मध घालायला सांगितला. शेवटी त्या 'रडतेयस का'च्या दुपारनंतर बाबांनी मला गाडीवर बसवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे नेऊन सोडलं.

मॅडमनी आधी डोळ्यांचं प्रेशर मोजलं. साधारण १० ते २१ च्या मध्ये ते नॉर्मल धरतात. माझं होतं २७.

"कुठला ड्रॉप टाकतेस?" त्यांनी विचारलं. मी पर्समधून बाटली काढली. त्यांनी लेबल वाचलं आणि बाटली माझ्यासमोर ठेवली. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड, दोन्ही एकत्र असलेला ड्रॉप होता तो. स्टिरॉइडने सूज उतरते, लाली जाते. म्हणून तर जादू वाटते. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तो आठवडेच्या आठवडे टाकत राहिलं, तर काही जणांच्या डोळ्यांतलं प्रेशर चढतं, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. प्रेशर चढलेलंच राहिलं तर काचबिंदू. आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

"दुखलं नाही, म्हणून तुला कळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून सहा महिने असंच चाललं असतं तर?"

माझं अख्खं पोट डोळ्यांवर आहे हो. वाचणं आणि लिहिणं, याशिवाय मला दुसरं काहीही येत नाही. त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझे तळहात गार पडले.

(माझं नशीब चांगलं. ड्रॉप बंद केल्यावर काही आठवड्यांनी प्रेशर १७ वर आलं. पण डॉक्टरांनी स्वतः तपासून, ठरावीक दिवसांसाठी दिलेला स्टिरॉइड ही वेगळी गोष्ट. तो आपल्या मनाने बंदही करायचा नाही.)

पाणी आहे, पण टिकत नाही

मग सुरू झाल्या कोरडेपणाच्या तपासण्या. खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. ही शिर्मर टेस्ट. ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये शोधलेली, आणि अजूनही चालू आहे. पाच मिनिटांत पट्टी १० मिलिमीटरच्या वर भिजली तर पाणी पुरेसं तयार होतंय. माझी १४ भिजली. पास!

दुसरी टेस्ट मात्र फेल. डोळ्यांत पिवळा रंग टाकून निळ्या प्रकाशात बघतात की पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर किती वेळ अखंड राहतो. निदान १० सेकंद तरी टिकायला हवा. माझा चौथ्या सेकंदाला फाटत होता.

"म्हणजे पाणी बनतंय, पण उडून जातंय," मॅडम म्हणाल्या.

अश्रूंचा थर म्हणजे नुसतं पाणी नसतं, हे मला तेव्हा कळलं. तळाला चिकट म्युसिन असतं, ते पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतं. त्यावर पाणी. आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ थर, झाकणासारखा. हे तेल येतं पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत वीस-पंचवीस. हाइनरिख मायबोम या जर्मन डॉक्टरांनी १६६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. मॅडमनी माझी पापणी हलकेच दाबली. निरोगी पापणीतून पातळ, स्वच्छ तेल येतं. माझ्या पापणीतून आलं टूथपेस्टसारखं घट्ट.

आपण पापणी मिटतो तेव्हा हे तेल दाबलं जाऊन बाहेर येतं आणि डोळ्यावर पसरतं. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतात. स्क्रीनकडे बघताना हा आकडा पाच-सातवर येतो, आणि त्यातही कित्येक वेळा पापणी अर्धीच मिटते. झाकण नाही, तर पाणी उडणारच. डोळा कोरडा पडला की चुरचुरतो, मेंदूला अलार्म जातो आणि अश्रुग्रंथी धो धो पाणी सोडते. पण ते नुसतंच पाणी. ते टिकत नाही, गालावरून ओघळून जातं.

म्हणून डोळ्यांत पाणी, तरी डोळे कोरडे!

केळीच्या बागेतला फंडा

त्याच आठवड्यात रावेरहून मामा आला. मामाची केळीची बाग आहे. मी त्याला माझी ही तेल-पाण्याची स्टोरी ऐकवली. मला वाटलं, तो हसेल. तो म्हणाला, "मंग हे तं केयीसारखंच झालं पोरी."

केळीचं पान मोठं, मऊ. मे महिन्यातला गरम वारा लागला की ते करपतं, त्याच्या चिंध्या होतात. म्हणून आमच्याकडे बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत दाट लावतात, वारा अडवायला. जमिनीवर वाळलेल्या पानांचं आच्छादन, ओल उडू नये म्हणून. आणि पाणी ठिबकने, थोडं थोडं.

"वाऱ्याले आडवं काई लावलं नाही, तं कितीबी पानी दे," मामा म्हणाला, "पानं फाटतातच."

बॉस, मला अख्खी ट्रीटमेंट तिथेच समजली! मी नुसतं पाणी देत होते. वारा अडवला नव्हता आणि आच्छादनही केलं नव्हतं. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. अशा हवेत मी कूलरचा झोत थेट डोळ्यांवर घेऊन बसले होते. कूलर हवेत ओलावा सोडतो हे खरं, पण झोत तोंडावर आला की शेवटी तो वाराच.

त्या दिवशी पहिलं काम केलं ते खुर्ची फिरवायचं. आता कूलरची हवा पाठीवर येते.

धुळ्याची ताई आणि एसीचा झोत

हा फंडा सगळ्यात आधी उपयोगी पडला तो माझ्या मावसबहिणीला. ताई धुळ्यात एका बँकेत आहे. फोनवर माझी लक्षणं ऐकून म्हणाली, "अगं, हे सगळं मलाही होतं!" मग काय, मी सकाळची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत धुळं, नव्वदेक किलोमीटर. खिडकीची सीट मिळाली होती, ती मी कधी नव्हे ते दुसऱ्याला देऊन टाकली.

ताईचा दिवस बघा. सकाळी देवपूरहून स्कूटरने पांझरेचा पूल ओलांडून ऑफिस. हेल्मेट आहे, पण काच वर. ऑफिसात टेबलाच्या बरोबर वर एसी. एसी तर हवेतला होता नव्हता तो ओलावाही काढून घेतो. डोळ्यांत दहा-बारा तास कॉन्टॅक्ट लेन्स. रात्री टेबल फॅन उशाशी. म्हणजे चारी बाजूंनी वारा, आणि शेवरीचं एक झाडही नाही!

त्यात डिसेंबरमध्ये तिचं लग्न ठरलेलं. त्याआधी लेझरने नंबर काढून टाकायचा, असा तिचा प्लॅन होता. पैसेही बाजूला ठेवले होते. मी तिला म्हटलं, आधी कोरडेपणा तपासून घे. तिच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "आधी हे आटोक्यात आणू, लेझरचं मग बघू." कारण या ऑपरेशनमध्ये बुबुळातल्या बारीक नसा कापल्या जातात, नंतर काही महिने डोळे कोरडे पडणं अगदी कॉमन आहे. डोळे आधीच कोरडे असतील तर त्रास आणखी वाढू शकतो.

ताई दोन दिवस फुगून बसली. मग तिने मॅनेजरांना सांगून टेबल चार फूट सरकवून घेतलं, हेल्मेटची काच खाली केली, लेन्सला सुट्टी दिली, टेबल फॅन पायाशी नेला. लग्नात ती चष्मा लावून उभी राहिली आणि फोटोंत काय दिसली राव, एकदम झकास!

बाहेर ४४ अंश, आणि वर शेक?

आता आच्छादनाकडे, म्हणजे तेलाकडे येऊ. मॅडमनी सांगितलं होतं, रोज गरम पाण्याचा शेक. आई म्हणाली, "बाहेर काय कमी शेक आहे?"

फरक आहे! बाहेरची गरम हवा डोळा सुकवते. शेकाने मिटलेल्या पापणीतलं घट्ट झालेलं तेल वितळतं. स्वच्छ मऊ रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. सोसवेल इतकाच गरम हवा. मग मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं. रुमाल दोन मिनिटांतच गार होतो, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचा. सगळे इथेच आळस करतात, आणि मग म्हणतात शेकाने काही होत नाही!

त्यानंतर स्वच्छ बोटाने हलका मसाज. वरची पापणी वरून खाली, खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने. बुबुळावर दाब द्यायचा नाही. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने पापण्यांची कड पुसायची. काजळप्रेमींनो, पापणीच्या आतल्या कडेवर काजळ फिरवलंत की याच ग्रंथींची तोंडं बुजतात. लावायचंच असेल तर पापण्यांच्या केसांच्या बाहेरून लावा, आणि रात्री न विसरता काढा.

ठिबक : कुठला ड्रॉप, किती वेळा

'आर्टिफिशियल टिअर्स' म्हणजे कृत्रिम अश्रू. हे स्टिरॉइड नाहीत, वंगण आहेत. आपल्याला कुठले लागतील हे एकदा डॉक्टरांनाच विचारा, पण काही गोष्टी स्वतःला माहीत हव्यात.

बऱ्याच बाटल्यांमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकावं लागत असेल तर त्याचाच त्रास होऊ शकतो, म्हणून अशा वेळी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप घेतात. खालची पापणी ओढून एक थेंब, बस्स. जास्तीचा गालावरच येतो. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. उघडलेली बाटली सहसा महिनाभरच वापरायची असते. लेबलवर काय लिहिलंय ते वाचा आणि उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहून ठेवा. आणि खास आपल्या भागासाठी सांगते, बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यातली डिकी म्हणजे भट्टी.

'लाली घालवणारे' ड्रॉप वेगळे. ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात. परिणाम उतरला की लाली आणखी जोरात परत येऊ शकते. गुलाबपाणी, मध वगैरे फेसपॅकसाठी ठेवा. जे निर्जंतुक नाही, ते डोळ्यांत नाही.

माशाच्या तेलाच्या ओमेगा-३ कॅप्सूल? मीही आणल्या होत्या. नंतर वाचलं, अमेरिकेत ५३५ पेशंट्सवर वर्षभर त्याचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये निकाल आला. रोज ३००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा वेगळा म्हणावा असा फायदा झाला नाही. आता मी ते पैसे आमरसावर खर्च करते.

माझं रोजचं टाइमटेबल

• सकाळी ७ : शेक, मसाज, पापण्यांची कड साफ. सगळं मिळून १५ मिनिटं. चहा उकळेपर्यंत निम्मं होतं!

• कामाला बसताना : स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या थोडी खाली. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि पाणीही कमी उडतं. पंखा, कूलर, एसी यांचा झोत तोंडावर नाही.

• दर २० मिनिटांनी : २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं. मी समोरचं कडुनिंबाचं झाड बघते. सोबत दहा 'पूर्ण' पापण्या. मिटा, दोन सेकंद थांबा, हलकेच आवळा, उघडा.

• बाहेर पडताना : कडेने बंद असलेला गॉगल किंवा काच खाली केलेलं हेल्मेट. रुमाल तर आपण खान्देशी बांधतोच.

• दिवसभर : ड्रॉप ठरलेल्या वेळी. डोळा जळायला लागायची वाट बघायची नाही. केळीला तहान लागल्यावर पाणी देतात का?

• रात्री : शेवटचा अर्धा तास मोबाइल बंद. पंखा पायाकडे. झोपेत पापण्या पूर्ण मिटतात का, हे एकदा घरच्यांना बघायला सांगा. अर्धवट उघड्या राहत असतील तर रात्री लावायचं जेल मिळतं, डॉक्टरांना विचारा.

हे दिसलं तर टाइमपास नको

डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली, एकच डोळा लाल झाला किंवा लेन्स घातलेली असताना डोळा दुखायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर तेही सांगा. शोग्रेन नावाच्या आजारात असं होतं. मधुमेह, थायरॉइड, अ‍ॅलर्जीच्या किंवा पिंपल्सच्या काही गोळ्या, यांनीही डोळे कोरडे पडतात. त्यामुळे काय काय चालू आहे त्याची यादी सोबत न्या.

खर्चाचं टेन्शन असेल तर धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथे नेत्रविभागात दाखवता येतं.

मला पहिले तीन आठवडे काहीच फरक वाटला नव्हता. एकदा तर शेकाचा रुमाल फेकून दिला होता. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी लक्षात आलं की मी अख्खा लेख वाचून काढला आणि एकही अक्षर धूसर झालं नाही. पुढच्या तपासणीत चार सेकंदांचे आठ झाले होते. दहा नाही, आठ. मॅडम म्हणाल्या, "हे बरं होऊन संपणारं नाही. दात घासतेस ना रोज, तसं धर." या मे महिन्यात चार दिवस कंटाळा केला, तर पाचव्या दिवशी वाळू परत हजर!

आता एक सांगा. हा लेख वाचताना तुम्ही किती वेळा पापण्या मिटल्यात? आठवत नाही ना? मग चला, आत्ताच मिटा. पूर्ण. एक... दोन... आता उघडा. आणि ती खुर्ची जरा फिरवा बघू.